कोण गावचं म्हणायचं?

अण्णांचं नाव मी इथे देणार नाही. दिलं तर पहिला फोन त्यांचाच येईल. 'कुणाला इचारून छापलंस?' इथून सुरू झालेली चौकशी लेखाचं मानधन, मासिकाचा खप, संपादकांची सासुरवाडी अशी वळणं घेत तासाभराने संपेल. गावाचंही नाव नको. ढोकी आणि तेरच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढं पुरे. तेर गोरोबाकाकांचं. काकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं मडकं कोणतं ते ओळखलं आणि नामदेव कच्चे निघाले, अशी कथा आहे. अण्णा त्याच पंचक्रोशीतले. थापटणं त्यांच्याकडे नाही, प्रश्न आहेत.

एसटी फाट्यावर थांबून अनोळखी माणूस उतरला, की पारावरून आवाज येतो, "कोण गावचं म्हणायचं पाव्हणं?" पाव्हणा म्हणतो, कळंबचा. कळंबात कुठला? कुणाचा? मामाचं गाव कोणतं? तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतं, नाहीच निघालं तर चौथ्याला. आठ तालुक्यांचा हा जिल्हा, आणि अण्णांच्या हिशेबात त्यातलं कुणीच परकं नसतं. फक्त त्याचं नातं अजून सापडलेलं नसतं.

उलट दिशेने मात्र रस्ता बंद. "अण्णा, सोयाबीनला उतारा काय पडला?" "झालं की पोटापुरतं." "बैल केवढ्याला दिला?" "दिला की बाजारभावानं." बाहेर पडताना कुणी 'कुठं निघालाव?' म्हणून तोंड घातलंच, तर अण्णा घरी परत फिरतात, ओसरीवर बसून तांब्याभर पाणी पितात आणि त्या माणसाच्या अकलेबद्दल दोन शब्द बोलून नव्याने निघतात. तुळजापूरला जायचं असलं तरी परत आल्यावर प्रसाद हातात पडेल तेव्हाच शेजाऱ्याला कळतं. बँकेत किती आहेत हे काकूंना माहीत नाही, आणि काकूंच्या डाळीच्या डब्यात किती आहेत हे अण्णांना माहीत नाही. संसार उत्तम चाललाय.

अशा माणसाच्या हातात नातवाने २०२०च्या लॉकडाऊनमध्ये स्मार्टफोन दिला. नातू पुण्याला इंजिनिअरिंगला होता, कॉलेज बंद पडल्यावर गावी येऊन बसला होता आणि अण्णांच्या प्रश्नांनी बेजार झाला होता. प्रश्न दुसरीकडे वळवायचा त्याला हाच मार्ग दिसला. त्याने फेसबुक उघडून दिलं. प्रोफाइलला कुलूप लावायची सोय त्याच मे महिन्यात भारतात आली होती, तीही लावून दिली आणि समजावून सांगितलं, की अनोळखी माणसाला आता तुमचे फोटो, तुमचं लिखाण काही दिसणार नाही. अण्णांनी ऐकून घेतलं. "म्हंजे मला कुणी बघायचं न्हाय, आन् मी सगळ्यांना बघायचं. हे बरंय की!"

फोटो लावला तो बैलाचा. व्यवसाय, 'शेती'. जन्मतारीख, १ जून. आता १ जून ही काय भानगड आहे, हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. शाळेत नाव घालताना बापाला तारीख आठवली नाही की गुरुजी १ जून टाकत. एवढं करून पोरगं पहिलीच्या वयात बसवता येई. त्यामुळे आमच्या गावचे निम्मे म्हातारे १ जूनला जन्मले. त्या दिवशी फेसबुक सकाळी सहालाच घामाघूम होतं. सुरक्षेच्या व्याख्यानांत सांगतात, जन्मतारीख उघड करू नका, तिचा पासवर्ड ठेवू नका. अण्णांची तारीख उघड झाली तर चोराला पारावरच्या सगळ्यांची एकदम मिळेल, आणि त्यातली एकही खरी नसेल.

इथवर वाचून अण्णा कुणाला आदर्श वापरकर्ते वाटले असतील, तर घाई नको. त्यांचा उपद्रव मोठा आहे. गावचं एक कुटुंब तिरुपतीला गेलं आणि सुनेने रांगेतूनच फोटो टाकला, 'फॅमिली टूर, चार दिवस.' खाली सगळ्यांनी हात जोडले, 'गोविंदा गोविंदा' लिहिलं. अण्णांनी चारचौघांत विचारलं, 'घरी कोण हाय? किल्ली कुणाकडं ठिवली? म्हशीच्या धारा कोण काढतंय?' सुनेने फोटो पुसला आणि महिनाभर अण्णांशी अबोला धरला. भावकीच्या ग्रुपवर एका भाचीने नवऱ्याला बढती मिळाल्याचं कळवलं, तेव्हा अभिनंदनाच्या फुलांमधून अण्णांचा प्रश्न उगवला, 'हातात किती पडतो?' भाचीने तेव्हाच ग्रुप सोडला. आपण काही वावगं केलं असं अण्णांना आजही वाटत नाही. ज्याला सांगायचं नाही त्याने दवंडी कशाला पिटावी, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते खोडून काढणं मला अजून जमलेलं नाही.

ग्रुपचे ॲडमिन व्हा म्हणून पोरांनी आग्रह केला तर अण्णांनी हात झटकले. नातवाने कायदा काढून दाखवला. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली निकाल दिलाय, की सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं आणि त्यात ॲडमिनचा समान हेतू नसला, तर केवळ ॲडमिन म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. अण्णांनी विचारलं, गुन्हा कधी दाखल झालता? २०१६ साली. "म्हंजे पाच वर्सं हेलपाटं. तेवढ्यात माझ्या दोन इहिरी खांदून होतील."

पण एका गोष्टीसाठी मी अण्णांच्या चौकशीला कायमचं माफ केलंय. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. 'पोरं पळवणारी टोळी आलीय' असे निरोप तेव्हा महाराष्ट्रभर व्हॉट्सॲपवर फिरत होते. यातली बहुतेक माणसं मंगळवेढ्याकडची. मंगळवेढा आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. आमच्या पारावरही पोरं पळवापळवीचे व्हिडिओ एकमेकांना दाखवत होती, आणि नेमके राईनपाड्याच्याच आठवड्यात झोळीवाले दोघे गावात शिरले. पोरं उठली. अण्णांकडे तेव्हा बटणांचा फोन होता, व्हिडिओ त्यांना दिसलेला नव्हता. त्यांनी नेहमीचंच केलं. "कोण गावचं म्हणायचं?" तिसऱ्या प्रश्नाला निघालं, की थोरल्याची सासुरवाडी वाशी तालुक्यातली आहे आणि त्याच्या सासऱ्याला अण्णा येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत भेटलेले आहेत. चहा आला. पोरं कंटाळून पांगली. आपण त्या दिवशी काही केलं हे अण्णांच्या गावीही नाही. त्यांना आठवतं ते एवढंच, की त्या सासऱ्याने मेहुण्याकडून उसने घेतलेले पैसे परत दिले का, हे विचारायचं राहिलं.

फोन आल्यावर तीच विद्या पडद्यावर चालू झाली. आमच्या एका निवृत्त गुरुजींची मित्रयादी फेसबुकवर सगळ्यांना खुली होती. कुणीतरी गुरुजींचा फोटो उचलला, त्याच नावाचं दुसरं खातं उघडलं आणि यादीतल्या प्रत्येकाला मैत्रीची विनंती पाठवली. याला हॅक होणं म्हणतात, पण त्यात फोडाफोडी काहीच नसते. दारावरची पाटी बघून शेजारी तसलीच दुसरी पाटी लावायची. अण्णांनी विनंती स्वीकारली. लगेच निरोप आला, 'माझा सीआरपीएफमधला मित्र बदलीवर चाललाय, फर्निचर स्वस्तात देतोय. तुमचा नंबर पाठवा.' ही फर्निचरवाल्या फौजीची गोष्ट देशभर जुनी झालीय, पण अण्णांना ती नवी होती. ते फोन तोंडाशी धरून बोलतात आणि अक्षरं आपोआप उमटतात. ते संभाषण त्यांनी मला दाखवलंय.

'गुरुजी, पुण्याहून कधी आलाव?'

'काल आलो.'

'गुडघ्याचं काय म्हणतंय?'

'बरा आहे आता.'

'डावा का उजवा?'

बराच वेळ काही नाही. मग, 'दोन्ही.'

'गुरुजी, गुडघा तुमचा न्हाय, बाईंचा दुखतोय. तुम्हाला मूळव्याध हाय.'

समोर शांतता. अण्णा मात्र रंगात आले होते. 'ऱ्हाऊ दे बाळा, घाबरू नको. तू कोण गावचा? मराठी शुद्ध लिवतोस, शाळा कुठं झाली? आईबाप हायत का?' यावर चोराने अण्णांना ब्लॉक केलं. फसवणाऱ्याने गिऱ्हाईकापासून पळ काढल्याची ही आमच्याकडची पहिलीच नोंद असावी. अण्णांनी खऱ्या गुरुजींना फोन लावला, गुरुजींनी त्या खात्याची तक्रार नोंदवली, मित्रयादी झाकली, सगळ्यांना सावध केलं. पण अण्णा चारसहा दिवस हळहळत होते. "नातं निघत आलंतं लका."

पुढची फेरी मोठ्या चोरांशी झाली. २०२४च्या दिवाळीनंतरची गोष्ट. व्हिडिओ कॉल, समोर खाकी वर्दी, मागे भिंतीवर बोधचिन्ह. आपके आधार कार्ड पर पार्सल पकडा गया है, आप डिजिटल अरेस्ट में हैं. अशी काही अटक आपल्या कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. पण अण्णा त्या वेळेस रानात असतात. आणि भल्याभल्यांना ते कळत नाही. लुधियानाच्या वर्धमान समूहाचे एस. पी. ओसवाल, एवढे मोठे उद्योगपती, त्यांना त्याच वर्षी चोरांनी व्हिडिओवर खोटं सुप्रीम कोर्ट उभं करून दाखवलं आणि ७ कोटी रुपये काढले. या सगळ्या खेळाचा पाया एकच, माणसाला एकटं पाडायचं. खोलीच्या बाहेर जायचं नाही, कॅमेरा बंद करायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही.

"किसीसे बात नहीं करना," वर्दीवाला म्हणाला. अण्णा पारावर बसलेले. त्यांनी ताबडतोब फोन फिरवला आणि वर्दीवाल्याला समोर बाराएक टोप्या दिसल्या. "आरं या की हिकडं, साहेबाला बोला." मग निजामाच्या काळापासून चालत आलेल्या आमच्या हिंदीत सुरुवात झाली. "साब, आप कौन गाव के?"

"मुंबई क्राइम ब्रांच!"

"वो तो नौकरी का गाव हुवा. घर का गाव कौनसा?"

साहेब भडकला. समोरच्या कागदावरून त्याने अण्णांचं नाव, तालुका, जिल्हा खडसावून वाचला. जिल्हा, 'उस्मानाबाद'. अण्णांनी त्याला तिथेच थांबवलं. जिल्ह्याचं नाव सरकारी कागदावर २०२३ सालीच धाराशिव झालं. आणि आमच्याकडची जुनी माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून तेच म्हणत आलीत. "साब, तुम्हारी यादी पुरानी है. किसने दी? कितने में दी?" मागून एका टोपीने क्वार्टर मिळालंय का विचारलं. दुसरीला साहेबाच्या मिशीत बार्शीचा एक मेकॅनिक दिसायला लागला. कॉल तिकडून कापला गेला.

मला विचाराल, तर याला शहाणपण म्हणावं असं काही नाही. ज्याला आयुष्यात कधी एकांत लाभला नाही, आणि दुसऱ्याचा ज्याने कधी टिकू दिला नाही, त्याला एकटं पाडणं अवघड, इतकंच. फ्लॅटचं दार लावून राहणाऱ्या आम्हा लोकांना ही सोय नाही.

आणि तरी अण्णा अडकले. कुठे अडकले, तर लग्नात. पुढच्या लग्नसराईत एका रात्री, कळंबच्या सोयऱ्याच्या नंबरावरून निरोप आला. 'आमचे येथील शुभविवाहास अगत्य येणेचे करावे', आणि खाली एक फाइल, 'लग्नपत्रिका'. शेवटी एपीके ही तीन अक्षरं. पत्रिकेचा फोटो असता तर असलं शेपूट नसतं. एपीके म्हणजे फोनमध्ये बसवायचं ॲप. हे अण्णांना ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी फरक पडला नसता. त्यांची सगळी तटबंदी अनोळखी माणसासाठी होती. हा तर तीन पिढ्यांचा सोयरा, त्याला 'कोण गावचं' काय विचारणार? शिवाय खरी कळ वेगळीच होती. सोयऱ्याच्या घरात लग्न निघतं, आणि मला ठाऊक नाही? पोरगी कुणाची केली? देणंघेणं काय ठरलं? याद्या कधी झाल्या? या प्रश्नांसकट अण्णांना सकाळपर्यंत झोप लागणं शक्यच नव्हतं.

त्यांनी बोट ठेवलं. फोनने विचारलं, हे अनोळखी ठिकाणाहून आलंय, बसवू का? व्हय. तुमचे मेसेज वाचू देऊ का? व्हय. तुमच्या ओळखीचे सगळे नंबर बघू देऊ का? व्हय. जन्मभर कुणालाही सरळ उत्तर न दिलेल्या माणसाने त्या रात्री तीन प्रश्नांना तीन सरळ उत्तरं दिली. पत्रिका काही उघडली नाही. रेंज नसेल म्हणून अण्णा उशाशी फोन ठेवून झोपले, आणि ते ॲप कामाला लागलं. मेसेज वाचता आले की बँकेचा ओटीपी चोराच्या हातात पडतो. ओळखीचे नंबर मिळाले की तीच पत्रिका पुढे निघते. कळंबचा सोयराही असाच सापडला होता.

सकाळी पहिला फोन उमरग्याहून, थोरल्या बहिणीचा. "मोठा झालास व्हय रे? थोरल्या भनीला फोनवर पत्रिका धाडतोस? अक्षता घिऊन यायला पाय मोडले का?" मग परंड्याहून साडू. मग भूम. मग लोहाऱ्याहून व्याही, जरा दुखावलेल्या आवाजात, "साखरपुड्याला तरी सांगायचं की हो." सगळ्यांचा प्रश्न एकच, "अण्णा, लगीन कुणाचं?" चार तालुके विचारत होते आणि अण्णांकडे उत्तर नव्हतं. माहिती नाही असं म्हणायची पाळी त्यांच्यावर बहुधा प्रथमच आली. काकू सांगतात, दुपारपर्यंत ते नुसते फोनकडे बघत बसले होते. त्यातल्या त्यात बरं म्हणजे पत्रिका फार कुणी उघडली नाही. बहिणीने तर फणकाऱ्यानेच सोडून दिली. पत्रिका हातात देतात, कुंकू लावून देतात. फोनवर आली ती आपली नव्हेच, असा तिचा हिशेब. साडूचं कुतूहल अण्णांच्या जातीचं, त्याने उघडली.

मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराच्या ध्यानात आलं. त्याने फोन आधी विमान मोडवर टाकला, सिम काढलं, दुसऱ्या फोनवरून १९३० लावून दिला. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा क्रमांक. जितक्या लवकर लावाल तितकी चोराच्या खात्यात पैसे गोठायची शक्यता जास्त. बँकेला कळवलं, साडूलाही फोन केला. मग अण्णांना घेऊन तो धाराशिवला सायबर पोलिसांकडे गेला. मीही गेलो होतो, कारण अण्णा त्या दिवशी चक्क गप्प होते आणि ते काकूंना बघवेना.

हवालदार तरुण होता. कागद पुढे ओढून त्याने नाव, गाव, वय लिहून घेतलं. जन्मतारीख ऐकून मान वर न करता म्हणाला, "माझ्या आज्याची बी एक जूनच." तेवढ्यावर अण्णांमध्ये जीव आला. "कोण गावचं म्हणायचं साहेब?" नळदुर्गकडचे. आजोळ? तिसऱ्या प्रश्नाला हवालदार काकूंच्या माहेरच्या अंगाने भाच्यात निघाला.

"बरं मामा, आता सांगा. एकूण किती गेले?"

अण्णांनी खोलीभर नजर फिरवली. बाकावर आणखी दोन तक्रारदार, दुरुस्तीवालं पोरगं, मी.

"गेले की थोडंफार."

"मामा, आकडा लागतो. फॉर्मात रकाना हाय."

"बाजारात बैल जातो त्यातला एक पाय गेला म्हणा."

"मामा!"

अण्णांनी आम्हाला बाहेर जायला सांगितलं. बाकावरचे दोघेही, आपला काही संबंध नसताना, उठून बाहेर आले. दाराच्या फटीतून मला दिसलं, की अण्णांनी हवालदाराचं पेन मागून घेतलं, तळहाताचा आडोसा करून चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, चार घड्या घातल्या आणि ती त्याच्या मुठीत दिली. हवालदाराने ती उलगडली, रकाना भरला. मग अण्णांनी चिठ्ठी परत मागून घेतली आणि खिशात ठेवली.

"आणखी काही सांगायचंय?" हवालदाराने विचारलं.

"सांगायचं न्हाय, इचारायचंय." अण्णा खुर्ची पुढे ओढून घेत म्हणाले, "तुमच्या मशिनीत एवढं समदं निघतं म्हणं. मग ती पत्रिका कुणाची होती, तेवढं बघा की."